राहण्यासाठी बँकेच्या लिलावातला फ्लॅट घेताय? आधी ताबा बघा, मग किंमत

वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर बारीक अक्षरात ‘जाहीर ई-लिलाव सूचना’ छापलेल्या असतात. त्या नेमाने वाचणाऱ्यांमध्ये धंदेवाईक गुंतवणूकदार असतात, तशी बाजारभावाने घर परवडत नाही म्हणून वाट काढू पाहणारी नोकरदार जोडपीही असतात. हा लेख या दुसऱ्या गटासाठी आहे. जप्त झालेला, बंद पडलेला, डागडुजीला आलेला फ्लॅट लिलावात घ्यायचा, दुरुस्त करायचा आणि त्यात स्वतः राहायचं, एवढाच बेत असलेल्यांसाठी.

अमेरिकेत सरकारी विम्याच्या कर्जातली जप्त घरं विकताना तिथलं गृहनिर्माण खातं सुरुवातीचे काही दिवस स्वतः राहणारे, सरकारी संस्था आणि ना-नफा संस्था यांच्याच बोली घेतं, गुंतवणूकदाराचा नंबर नंतर लागतो. आपल्याकडे असं काही नाही. तुम्ही आणि दहा फ्लॅट अंगावर घेऊन बसलेला गुंतवणूकदार एकाच स्क्रीनवर एकाच नियमाने बोली लावता. फरक एवढाच की तो ताब्यासाठी दोन वर्षं थांबू शकतो. तुम्हाला चालू घराचं भाडं आणि नव्या घराचा हप्ता दोन्ही भरत थांबायचं असतं. म्हणून त्याला जो सौदा सोन्यासारखा, तो तुम्हाला बुडवणारा असू शकतो.

फ्लॅट लिलावात येतो कसा

बहुतेक लिलाव २००२ च्या सरफेसी कायद्याखाली होतात, म्हणजे कोर्टात दावा न लावता तारण विकून वसुली करू देणाऱ्या कायद्याखाली. हप्ते ९० दिवसांहून जास्त थकले की खातं अनुत्पादक (एनपीए) ठरतं. मग बँक कलम १३(२) ची नोटीस देते, तिची मुदत ६० दिवस. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर कलम १३(४) खाली ताबा घेते. हा ताबा बहुतेकदा सांकेतिक असतो, म्हणजे दारावर नोटीस चिकटवली, पेपरात छापली, आत कुटुंब तसंच राहतंय. घर खरोखर रिकामं करून कुलूप लावायचं असेल तर बँकेला कलम १४ खाली जिल्हादंडाधिकारी किंवा न्यायदंडाधिकारी यांच्याकडून आदेश आणावा लागतो. कायद्यात त्यासाठी ३० दिवस, आणि कारणं नोंदवून जास्तीत जास्त ६० दिवस दिलेत. प्रत्यक्षात आदेश, पोलीस बंदोबस्त आणि तारखा यांत त्याहून बराच वेळ जातो.

सहकारी बँकाही हाच कायदा वापरतात. त्याबद्दलचा जुना वाद सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये मिटवला, आणि तो खटला आपल्याच मुरगूडच्या एका सहकारी बँकेचा होता. पतसंस्थांची वसुली मात्र महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १५६ आणि नियम १०७ खाली विशेष वसुली अधिकाऱ्यामार्फत होते. पैसे भरण्याच्या मुदती आणि विक्री कायम होण्याची पद्धत तिथे वेगळी. पुढे जे सांगतोय ते सरफेसीच्या लिलावांबद्दल आहे. पतसंस्थेच्या नोटिशीला ते जसंच्या तसं लावू नका.

शोधायचं कुठे

सरकारी बँकांच्या मालमत्ता ‘बँकनेट’ या पोर्टलवर असतात. जुन्या ‘ई-बिक्रय’च्या जागी ते जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालं. खासगी बँका आणि गृहवित्त कंपन्या आपापल्या संकेतस्थळांवर आणि खासगी लिलाव पोर्टलांवर टाकतात. नियमानुसार सूचना दोन वर्तमानपत्रांत द्यावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. त्यामुळे जिल्हा आवृत्ती चाळायची सवय ठेवा. सहकारी बँकांचे फ्लॅट कित्येकदा तिथेच आधी दिसतात.

पहिल्या लिलावाची सूचना किमान ३० दिवस आधी येते. बोली आली नाही आणि तोच फ्लॅट पुन्हा काढला तर १५ दिवस पुरतात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली बोली घेत नाहीत ती किंमत, बऱ्याचदा खाली येते. मात्र फ्लॅट तीनदा पडून राहिला असेल तर त्यामागे काहीतरी कारण असतं. बोली लावण्याआधी ते कळलं पाहिजे.

सगळ्यात आधी: ताबा कोणाकडे आहे

सूचनेत ताब्याचा प्रकार लिहिलेला असतो. ‘सांकेतिक’ दिसलं की राहण्यासाठी घेणाऱ्याने पान उलटावं, असं माझं स्पष्ट मत आहे. किंमत कितीही मोहात पाडो. बँकेचे लोक म्हणतील, आदेश आलाय, महिन्याभरात ताबा देतो. असेलही. मग ताबा मिळाल्यावर पुढची फेरी निघेल तेव्हा बोली लावा.

‘प्रत्यक्ष ताबा’ लिहिलं असलं तरी प्राधिकृत अधिकाऱ्याला (बँकेतर्फे लिलाव हाताळणाऱ्याला) ईमेलवर चार प्रश्न विचारा आणि उत्तरंही लेखीच घ्या. ताबा कोणत्या तारखेला घेतला आणि पंचनाम्याची प्रत मिळेल का? आत कर्जदाराचं सामान आहे का, असेल तर ते कोण हलवणार? कर्ज वसुली न्यायाधिकरणात काही अर्ज प्रलंबित आहे का? कोणी भाडेकरू हक्क सांगतोय का?

शेवटचा प्रश्न मुंबईत फार महत्त्वाचा. भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असलेल्या भाडेकरूला सरफेसीचा धाक दाखवून बाहेर काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलंय. २०१९ च्या निकालाने त्याला मर्यादा घातल्या, नोंदणीकृत कागद नसलेल्याचा दावा कमकुवत झाला. पण दावा कमकुवत असला तरी त्याच्या तारखा तुम्हालाच मोजाव्या लागतात. पागडीच्या जागेच्या वाटेलाच जाऊ नका.

न्यायाधिकरणाचं थोडं समजून घ्या. बँकेच्या कारवाईविरुद्ध कर्जदार कलम १७ खाली ४५ दिवसांत तिथे जाऊ शकतो. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे ही न्यायाधिकरणं आहेत. त्यांच्या संकेतस्थळावर कर्जदाराच्या नावाने प्रकरण शोधता येतं, त्यात काही मिनिटं घालवाच. कर्जदार शेवटच्या क्षणी पैसे भरून घर सोडवू शकतो का, याची धास्ती बऱ्याच जणांना असते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तो हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच राहतो. सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स (मुंबई) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पूर्ण पैसे भरलेल्या लिलाव-खरेदीदाराची बाजू याच आधारावर उचलून धरली. तरीही बँकेने सूचना देतानाच नियम मोडला असेल तर लिलाव रद्द होऊ शकतो. म्हणून तुमच्या वकिलाने बँकेची कागदपत्रंही वाचली पाहिजेत.

कागद आणि थकबाकी

फ्लॅट ‘जसा आहे, जिथे आहे, जे काही आहे’ या अटीवर विकला जातो. बँकेला ठाऊक असलेले बोजे तिने सूचनेत द्यायचे असतात. ठाऊक नसलेल्यांचा शोध तुमच्या डोक्यावर. नोंदणी विभागाच्या ई-शोध सेवेत दस्त शोधा, सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) काढा. एकच फ्लॅट दोन बँकांकडे गहाण आहे का, ते सरसाई या गहाण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदणीत पाहता येतं. बिल्डरशी झालेला मूळ करार, त्यानंतरच्या विक्रीची साखळी, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट), हे सगळं बँकेच्या फाईलमध्ये मूळ स्वरूपात आहे की नुसत्या झेरॉक्स, हेही विचारा. गावठाणातल्या किंवा गुंठेवारीतल्या इमारती लिलावात बऱ्याच येतात. तिथे पुढे तुम्हालाच कर्ज मिळणं अवघड जातं आणि विकतानाही हाच प्रश्न उभा राहील.

थकबाकीसाठी फोनवर विसंबू नका, स्वतः जा. सोसायटीच्या सचिवांना भेटा. कर्ज बुडालेल्या माणसाने मेंटेनन्सही बरीच वर्षं भरलेला नसतो आणि त्यावर व्याज चढलेलं असतं. आकडा लेखी मागा. काही सोसायट्या तो द्यायला काचकूच करतात, कारण तुम्ही अजून कोणीच नसता. अशा वेळी बँकेमार्फत पत्र पाठवून बघा. त्याच भेटीत इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी वर्गणी निघालीय का, पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत का, हेही कळतं.

मालमत्ता कराची थकबाकी महापालिकेच्या संकेतस्थळावर मिळकत क्रमांक टाकून दिसते. वीजबिलाचं गणित जरा कडू आहे. आधीच्या मालकाची वीज थकबाकी लिलावातल्या खरेदीदाराकडे मागता येते, वीजपुरवठ्याच्या नियमांत तशी तरतूद असली की झालं, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये म्हटलंय. मीटर काढून नेलेलं असेल तर उपविभागीय कार्यालयात ग्राहक क्रमांक देऊन जुना आकडा काढून घ्या.

घर बघायला कोणाला न्यावं

सूचनेत पाहणीची तारीख दिलेली असते. इंटिरिअरवाल्याला नेऊ नका, त्याला फक्त भिंतींचा रंग दिसेल. जुना, अनुभवी प्लंबर न्या आणि शक्य असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर.

पाहणी खालच्या मजल्यावरून सुरू करा. खालच्या शेजाऱ्याच्या बाथरूमचं छत पिवळं पडलंय का, पोपडे धरलेत का, ते पाहिल्यावर वरच्या फ्लॅटच्या वॉटरप्रूफिंगची अवस्था कळते. त्या शेजाऱ्याशी दोन शब्दही बोला. गळतीवरून त्याचं आधीच्या मालकाशी भांडण झालेलं असेल तर ते आता तुमच्या नावावर येणार आहे.

आत गेल्यावर बीम, कॉलम आणि छताला उभ्या-आडव्या भेगा आहेत का, गंजलेल्या सळया दिसतात का ते पाहा. ठोकल्यावर पोकळ आवाज येणारा गिलावा सोपा असतो, तो उतरवून नवा करता येतो. सळई फुगून काँक्रीट फुटलं असेल तर प्रकरण तुमच्या फ्लॅटपुरतं राहत नाही. समुद्रालगत, वसई-विरार ते रायगड पट्ट्यात हे जास्त. सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. अहवालच नसेल तर सोसायटीच्या कारभाराबद्दल ते पुरेसं बोलकं आहे.

दोन-तीन वर्षं बंद राहिलेल्या घराच्या काही ठरलेल्या व्याधी असतात. नहाणी ट्रॅपमधलं पाणी आटलेलं, त्यातून झुरळं आणि वास. दाराच्या चौकटींना वाळवी. खिडक्यांच्या ट्रॅक जाम. बऱ्याच ठिकाणी जाताना मालकाने पंखे, नळ, गीझर, कधी ग्रिल आणि वायरसुद्धा काढून नेलेली असते. त्याला नावं ठेवू नयेत, घर जातंय त्या माणसाच्या हाती तेवढंच उरलेलं असतं. पण अंदाजपत्रकात ते धरा. जमल्यास एक चक्कर पावसाळ्यात मारा. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटसाठी ही चक्कर टाळू नका.

पैशाचं वेळापत्रक

लोक इथेच अडकतात. समजण्यासाठी पुण्यातला एक काल्पनिक फ्लॅट घेऊ. राखीव किंमत ४२ लाख, अनामत १० टक्के म्हणजे ४ लाख २० हजार, ती बोलीआधीच भरायची. तुमची बोली ४४ लाखांना लागली. त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी, बोलीच्या २५ टक्के पूर्ण करायचे. ११ लाखांतून अनामत वजा करता ६ लाख ८० हजार. उरलेले ३३ लाख विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेने लेखी मुदतवाढ दिली तर जास्तीत जास्त तीन महिने. चुकलात तर भरलेले ११ लाख जप्त. ही जप्ती योग्यच आहे, यावर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केलंय. ‘कर्ज मंजूर झालं नाही’ हे कारण तिथे ऐकलं जात नाही.

म्हणून कर्जाची तत्त्वतः मंजुरी बोलीच्या आधी हातात हवी. आणि २५ टक्के स्वतःचे, लगेच निघणारे. त्यातही एक पेच आहे. सगळे पैसे भरल्याशिवाय विक्री प्रमाणपत्र मिळत नाही आणि दुसरी बँक प्रमाणपत्राशिवाय पैसे सोडायला कचरते. सोपा मार्ग म्हणजे लिलाव करणाऱ्या बँकेकडेच कर्ज मागायचं, कित्येक बँका ते आनंदाने देतात. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मूल्याच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे. पण मोडकळलेल्या फ्लॅटचं मूल्यांकन तुमच्या बोलीपेक्षा कमी आलं तर तफावत खिशातून भरावी लागते.

आता पूर्ण हिशोब. ४४ लाखांवर ७ टक्के मुद्रांक शुल्क ३ लाख ८ हजार, नोंदणी शुल्क १ टक्का पण कमाल ३० हजार. सोसायटी आणि मालमत्ता कराची थकबाकी समजा १ लाख ९० हजार, दुरुस्ती ६ लाख. बेरीज ५५ लाख २८ हजार. त्याच इमारतीतला राहता, नीटनेटका फ्लॅट ५६ लाखांना मिळत असेल तर शुल्कांसह तो ६० लाख २२ हजारांना पडतो. ताबा आणि दुरुस्तीत सहा महिने गेले आणि तुम्ही महिना २० हजार भाडं भरत असाल तर आणखी १ लाख २० हजार. पेपरात १२ लाखांची दिसणारी सूट पावणेचार लाखांवर आली. ताबा आणखी वर्षभर लांबला तर त्यातलेही २ लाख ४० हजार भाड्यात जातील. बोलीची कमाल मर्यादा या हिशोबाने, उलट मोजत, लिलावाच्या आदल्या दिवशी कागदावर लिहून ठेवा.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापायचा असतो. तो कोणाच्या पॅनवर, हे बँकेला लेखी विचारा.

बोली आणि त्यानंतर

लिलावाच्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढते, बोली ठरलेल्या टप्प्यानेच चढते, आणि मर्यादा आली की लॅपटॉप मिटायचा. एक गोष्ट मात्र नोंदणी करतानाच ठरवा: विक्री प्रमाणपत्र बोली लावणाऱ्याच्याच नावाने निघतं. नवरा-बायको दोघांच्या नावावर घर हवं असेल तर अर्जातच दोघांची नावं घाला. मागाहून बँका बदलून देत नाहीत.

प्रमाणपत्र हातात आल्यावर ते दुय्यम निबंधकाकडे मुद्रांक शुल्क भरून नोंदवून घ्या. सोसायटी आणि कर्ज देणारी बँक दोघीही तेच मागतात. शुल्क बोलीच्या रकमेवर की रेडी रेकनरच्या जास्त दरावर, यावर घासाघीस होऊ शकते. शंका असेल तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय, म्हणजे किती शुल्क लागतं याचा अधिकृत निर्णय, करून घ्या. बँकेकडून मूळ कागद, किल्ल्या आणि ताबा पावती एकाच वेळी घ्या. कुलूप त्याच दिवशी बदला आणि आतल्या प्रत्येक खोलीचं चित्रीकरण करून ठेवा.

दुरुस्ती कोणत्या क्रमाने

विक्रीच्या टप्प्यालाही कर्जदार ४५ दिवसांत आव्हान देऊ शकतो. म्हणून ताबा मिळाल्याबरोबर मॉड्युलर किचनची ऑर्डर देऊ नका. पहिले दोन महिने जे केल्याशिवाय राहताच येणार नाही तेवढंच करा. तशीही योग्य क्रमवारी तीच आहे.

आधी पाणी. बाथरूम-संडासाच्या खाली घेतलेल्या स्लॅबवरचा भराव उकरून ड्रेनेजच्या नळ्या बदला, मग वॉटरप्रूफिंग, मग पाणी साठवून किमान २४ तास ठेवा आणि खालच्या शेजाऱ्याकडे जाऊन छत पाहा. या चाचणीआधी टाइल्स लावू देऊ नका, मिस्त्री कितीही घाई करो. मग वायरिंग. जुनी वायर कापडी किंवा ॲल्युमिनिअमची असेल तर पूर्ण बदला, एमसीबीसोबत विजेची गळती ओळखणारा आरसीसीबीही बसवा. वाळवीचा उपचार फरशी-सुतारकामाच्या आधी. त्यानंतर गिलावा, फरशी, शेवटी रंग. ओल्या भिंतीला रंग लावला तर दिवाळीत काढलेले फोटो चांगले येतात आणि पुढच्या आषाढात पोपडे. अंदाजपत्रकाच्या वर पाचवा हिस्सा बाजूला ठेवा. बंद घर उघडल्यावर काहीतरी निघतंच.

काम सुरू करण्याआधी सोसायटीला लेखी कळवा. डिपॉझिट, कामाच्या वेळा, राडारोडा कुठे टाकायचा हे नियम विचारा. कोणतीही भिंत पाडायची असेल तर आधी इंजिनिअरचं पत्र घ्या.

सदस्यत्वाचा अर्ज याच काळात द्या. आधीचा मालक हस्तांतरणाच्या अर्जावर सही करायला येणार नाही हे उघड आहे. त्या जागी नोंदलेलं विक्री प्रमाणपत्र आणि बँकेचं पत्र जोडा. महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्याची (ट्रान्सफर प्रीमियमची) शासनाने ठरवलेली कमाल मर्यादा २५ हजार रुपये आहे. त्याहून जास्त ‘देणगी’ मागितली तर पावतीसह लेखी मागणी द्या म्हणा. अर्ज अडवून ठेवला तर उपनिबंधकांकडे दाद मागता येते.

मग वीजमीटर आणि मालमत्ता कराची नोंद आपल्या नावावर करून घ्यायची. घर पुणे महापालिकेच्या हद्दीत असेल आणि तुम्ही स्वतः राहायला गेला असाल, तर निवासी वापराची ४० टक्के करसवलत मिळते. त्यासाठी पीटी-३ अर्ज, सोसायटीचं तुम्ही तिथेच राहत असल्याचं पत्र आणि रहिवासाचा पुरावा घेऊन क्षेत्रीय कार्यालयात जा.